पालिकेच्या नवजात कक्षाला मंडळातर्फे काय द्यावं? (कूलिंग मशीनबद्दल मतं हवीत)

लालबागचा_पम्या

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

आमचं लालबाग-परळ पट्ट्यातलं छोटं मंडळ आहे. चाळीचा गणपती, नवसाची रांग वगैरे काही नाही. पुढच्या वर्षी अमृतमहोत्सव. रोषणाई आणि मिरवणूक निम्म्यावर आणायची आणि उरलेले पैसे पालिकेच्या एखाद्या रुग्णालयाला द्यायचे, असं मीटिंगमध्ये ठरलं. एकमताने ठरलं हेच मोठं नवल. खजिनदारांच्या भाचीचं बाळ जन्मल्यावर रडलं नव्हतं, काचेत ठेवावं लागलं होतं (आता ठणठणीत आहे), म्हणून नवजात कक्षालाच द्यायचं हेही नक्की झालं.

एका सप्लायरने कूलिंग मशीनचं कोटेशन दिलंय. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं अंग तीन दिवस थंड ठेवलं की मेंदू वाचतो म्हणे. रक्कम मोठी आहे, पण ओढूनताणून जमेल. घोळ वेगळाच झालाय. ज्या रुग्णालयाला द्यायचं तिथल्या इनचार्ज सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "मशीन राहू दे दादा, मास्क द्या. शून्य नंबर आणि एक नंबर." आम्हाला वाटलं कोविडवाले मास्क! अध्यक्ष म्हणाले, मशीनवर मंडळाचं नाव तरी येईल, मास्कवर काय येणार?

इथे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, आईबाप आहेत. घ्यावं की नाही?

बोकोबा

शून्य नंबरावर मावणार नाही, पण एक नंबरावर बारीक टायपात 'सौजन्य' बसेल. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालणारी मंडळं आहेत आपल्याकडे, मास्कने काय घोडं मारलंय? हलकेच घ्या.

ठाण्याची_मीनल

चांगला विषय. वाचतेय.

सुमती_ताई

मी पालिकेच्या प्रसूतिगृहात लेबर रूमला होते, आता निवृत्त. त्या सिस्टर काय म्हणाल्या ते सांगते.

बाळ रडलं नाही की आधी त्याला कोरड्या कपड्याने पुसायचं, ओला कपडा फेकून द्यायचा, गरम ठेवायचं, मान किंचित मागे करून सरळ ठेवायची, पाठ चोळायची. तोंडात घाण दिसली तरच ओढायची. एवढ्यावर बरीचशी बाळं रडतात. नाही रडलं, तर पहिलं मिनिट संपायच्या आत बॅग-मास्क सुरू झाला पाहिजे. बॅग म्हणजे हाताने दाबायचा रबरी फुगा, आणि मास्क म्हणजे बाळाच्या नाकातोंडावर बसणारी वाटी. शून्य नंबर कमी दिवसांच्या बाळाला, एक नंबर पुऱ्या दिवसांच्या. मिनिटाला चाळीस ते साठ वेळा दाबायचं आणि नजर छातीवर ठेवायची. छाती वर आली तर हवा आत गेली. नाही आली तर मास्क नीट बसलेला नाही, किंवा मान चुकली आहे.

आता खरी गोम. मास्कच्या कडेला मऊ गादी असते. उकळून, औषधात बुडवून, पुन्हा पुन्हा वापरून ती कडक होते, एका बाजूने चीर जाते. मग सिस्टर कितीही दाबोत, गालाजवळून फुस्स करून हवा बाहेर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं श्वास देतायत, आणि बाळ निळंच. रात्री तीनला दोन बायका एकदम बाळंत होत असताना ट्रेमध्ये एकच मास्क आणि तोही असला असेल, तर काय करायचं? सिस्टरनी मास्क मागितले ते उगाच नाही.

बोकोबा

दंडवत. माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण मास्क दोन्ही नंबरांचे घ्या.

कॅलिफोर्निया_काका

इकडे आमच्या मित्राच्या नातवाला हेच झालं होतं. नाळेचा प्रॉब्लेम. लगेच मोठ्या हॉस्पिटलात नेलं, थंड गादीवर ठेवलं, आज पोरगा बेसबॉल खेळतो. मशीनने मूल वाचतं हे डोळ्यांनी पाहिलंय. भारतात लोक इतका विचार का करतात कळत नाही.

टेक्नोबा

काकांशी सहमत. ही काही नवी टूम नाही. २००५ मध्येच मोठे अभ्यास छापून आले, २००९ मध्ये ब्रिटनचा टोबी नावाचा अभ्यास आला. तिथे सगळीकडे हाच उपचार आहे. साधारण सात बाळांना थंड केलं तर एकाचा मृत्यू किंवा मोठं अपंगत्व टळतं, औषधशास्त्रात हा आकडा जबरदस्त मानतात. मग पैसेवाल्यांच्या पोरांना मशीन आणि पालिकेत येणाऱ्यांना रबरी फुगा, हे काय गणित? मंडळ स्वतःहून देतंय तर घ्या ना. गरिबाला नेहमी 'तुम्हाला एवढं पुरे' असंच का सांगायचं?

बाळांचा_डॉक्टर

टेक्नोबा, प्रश्न अगदी रास्त आहे आणि राग आला तरी चालेल असा आहे. पण उत्तर तुम्हाला वाटतंय तसं नाही.

कूलिंगमध्ये बाळाचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर उतरवून ७२ तास ठेवायचं, मग तासाला अर्धा अंश असं हळूहळू वर आणायचं. जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावं लागतं. श्वास थांबला की मेंदूच्या पेशी लगेच सगळ्या मरत नाहीत. रक्तपुरवठा परत आल्यावर काही तास जरा सावरल्यासारखं होतं, आणि मग दुसरी पडझड सुरू होते. मधल्या त्या तासांत थंडाव्याने पेशींची भूक कमी करायची, अशी कल्पना. श्रीमंत देशांत ती चालली, यात वाद नाही.

पण २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये हेलिक्स नावाचा अभ्यास आला. भारत, श्रीलंका, बांगलादेश इथली सात मोठी रुग्णालयं, ४०८ बाळं. आपलं सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यात होतं. म्हणजे हे आडगावचं, व्हेंटिलेटर नसलेलं ठिकाण नव्हे, आणि मशीनही साधं नाही, तापमान आपोआप राखणारं. थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं गेली, न केलेल्या गटात ३१ टक्के. मृत्यू किंवा अपंगत्व मिळून धरलं तर दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे अपंगत्व टळलं नाही आणि मृत्यू मात्र वाढले.

असं का, यावर आमच्यात अजून जुंपते. बरीच बाळं बाहेर जन्मून मग तिथे आलेली होती. आपल्याकडे इजा कदाचित कळांच्या वेळी तासन् तास थोडी थोडी होत आलेली असते, एका झटक्यात नव्हे, त्यामुळे थंड करायची वेळ टळून गेलेली असते. आईला ताप, जंतुसंसर्ग, बाळाचं कमी वजन, हेही असेल. कारण काहीही असो, 'तिकडे चाललं म्हणजे इकडे चालेल' हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्या अभ्यासाने ठणकावून सांगितलं. गरिबाला कमी देण्याचा हा मुद्दाच नाही. अपाय होऊ शकेल अशी वस्तू त्याला केवळ महाग आहे म्हणून द्यायची का, हा आहे.

टेक्नोबा

अभ्यास वाचून आलो. ४२ आणि ३१ खरे आहेत. तरी एक शंका आहे. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात स्वस्तातला उपाय केला होता ना, वितळताना ठरावीक तापमान धरून ठेवणाऱ्या पदार्थाची गादी? त्याचं काय?

NICU_निशाचर

मी खासगीत आहे, त्यामुळे बाजू दुसरी मांडतो. आम्ही करतो कूलिंग, निवडून. पुऱ्या दिवसांचं बाळ, आमच्याकडेच जन्मलेलं, काय झालं ते माहीत, सहा तासांच्या आत हातात. हेलिक्समुळे सगळ्यांनी गाशा गुंडाळावा असं मला वाटत नाही, बाळांचा_डॉक्टर यांच्याशी इथे मतभेद आहे. वेल्लोरच्या गादीने तापमान नीट राखता येतं हे दिसलंय. पण तापमान राखता येणं वेगळं आणि बाळ वाचणं वेगळं.

आणि पम्या, मशीन एकटं येत नाही. त्या ७२ तासांत रक्तदाब पडतो, रक्त गोठायचं बिघडतं, आकडी येते, साखर घसरते. ब्लड गॅस (रक्तातला प्राणवायू आणि आम्ल मोजायची तपासणी) तासातासाला लागू शकतो. एका बाळापाशी जवळजवळ एक सिस्टर बसलेली लागते. सरकारी नवजात कक्षात एका सिस्टरकडे तीन-चार बाळं असावीत असा नियम आहे. प्रत्यक्षात किती असतात ते सुमतीताई सांगतील.

सुमती_ताई

नको सांगायला लावू. एका वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर) दोन बाळं, यावरून समजून घे.

रत्नांग्रीची_काकी

माझ्या सासूबाई सांगायच्या, बाळ रडलं नाही तर सुईण कांदा ठेचून नाकाशी धरायची आणि बाहेर पितळी थाळी बडवायची. एका दिराला तर पाय धरून उलटा टांगून पाठीत चापट्या दिल्या होत्या, तो आज बहात्तर वर्षांचा आहे आणि मासळी बाजारात अजून हुज्जत घालतो.

बाळांचा_डॉक्टर

काकी, दीर चापट्यांमुळे नाही, चापट्यांतूनही वाचले. जे बाळ नुसत्या पुसण्याने रडलं असतं तेच कांद्याने रडतं, श्रेय मात्र कांद्याला. जे खरंच गुदमरलंय त्याचं मिनिट या सगळ्यात जातं. उलटं टांगणं तर अजिबात नको.

बोकोबा

म्हणजे कांद्याचे भाव पडले.

मीठभाकर

अवांतर नाही, मुद्द्याचं आहे: गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, त्यात गुदमरलेल्या बाळाला श्वास देणंही होतं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया हे करू शकतात, तर मुंबईत आपण मशीनच्या मागे का धावतोय?

टेक्नोबा

कारण मुंबईत बाळ घरी नाही, रुग्णालयात जन्मतं. गडचिरोलीचं उदाहरण ग्रेटच, पण प्रत्येक धाग्यात ते काढून समोरच्याला गप्प करायचं हे बरं नाही.

मीठभाकर

गप्प केलं नाही. तुम्ही बोलताय की अजून.

संपादक_मंडळ

धाग्याचा काश्मीर करू नका. मूळ प्रश्न देणगीचा आहे.

सोल्डर_गन

रुग्णालयांच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंपनीत आहे. रोज लोकलने निम्मी मुंबई पालथी घालतो, त्या भांडवलावर बोलतो.

देणगीत आलेली यंत्रं कुठे असतात सांगू? जिन्याखाली, चादर पांघरून. दात्याने फोटो काढला, रुग्णालयाने हार घातला. पुढे एक सुटा भाग गेला. यंत्र डेडस्टॉकला (रुग्णालयाच्या सामानाच्या वहीत) नीट नोंदलेलं नाही, देखभालीच्या करारात नाही, म्हणजे दुरुस्तीचं बिल कोण काढणार? कोणी नाही. झाकली चादर.

नवजात कक्षात सगळ्यात आधी जातं ते ऑक्सिमीटरचं प्रोब. बाळाच्या तळपायाला गुंडाळायची मऊ पट्टी असते, आत लाल दिवा. वायर नेमकी कनेक्टरपाशी तुटते, कारण बाळ उचलताना प्रत्येक जण तिथेच ओढतो. मी चिकटपट्टी गुंडाळलेली, आत गॉजचा बोळा घातलेली, हाताने धरून ठेवली तरच आकडा दाखवणारी प्रोब बघितली आहेत. मॉनिटर लाखाचा, शेजारच्या खाटेवर बंद. प्रोबला बाजारात जी किंमत पडते त्यात तुमच्या मांडवाचा एका रात्रीचा जनरेटरही चालणार नाही.

तर काही घ्यायचं असेल तर सुटे भाग घ्या. वॉर्मरचं त्वचेला चिकटवायचं सेन्सर, प्रोब, सक्शनच्या नळ्या. आणि कक्षाचं वायरिंग भार सोसतं का ते कोणाला तरी बघायला सांगा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. एकाच बोर्डावर आणखी एक तीन दिवस चालणारं यंत्र लावताना ते आठवायला हवं.

वसईचा_विन्या

सगळं वाचलं. माझा मुलगा आता सात वर्षांचा. एका रुग्णालयात (नाव घेत नाही, वकिलाने सांगितलंय) बायकोला रात्रभर कळा, कळा वाढवायचं इंजेक्शन सलाइनमधून सोडलेलं, ठोके कोणी बघितले माहीत नाही. सकाळी धावपळ करून सिझर. बाळ रडलं नाही. फाइलवर 'बर्थ अस्फिक्सिया' (जन्मताना गुदमरणं) लिहून मोकळे झाले. तुम्ही जन्मानंतरच्या मास्कबद्दल बोलताय. जन्माच्या आधीच्या आठ तासांचं काय?

लेबर_रूम_लता

विन्यादादा, वाईट वाटलं. तुमच्या केसबद्दल फाइल न बघता काही बोलणार नाही. पण तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात मोठा आहे.

मी बाळंतपणं बघते (स्त्रीरोग). गुदमरणं बऱ्याचदा पोटातच सुरू होतं. कळा लांबतात, बाळ अडतं, वार आधी सुटते, नाळ दाबली जाते, आईचं बीपी वाढलेलं असतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन नीट मोजून, थेंब धरून दिलं तर उपयोगी, पण लक्ष न ठेवता सोडलं तर दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल पडतच नाही. वारेला रक्त मिळतं ते त्या सैल पडलेल्या वेळात. ते मिळालं नाही की बाळ आतल्या आत गुदमरत जातं. म्हणून ठोके ऐकायचे. कळा जोरात सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाला एकदा तरी, आणि जोर काढायच्या वेळेला दर पाच मिनिटांनी. कळ संपल्या संपल्या ऐकले तर उतरलेले ठोके सापडतात.

आता वीस बायका लेबर रूममध्ये, एक डॉपलर (पोटावर धरून बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र), त्याची बॅटरी उतरलेली, आणि निवासी डॉक्टर पोटाला कान लावून ऐकायच्या नळीने बाहेरच्या गोंगाटात ठोके मोजतेय. पम्या, खिशात मावणारे डॉपलर घ्या. मास्क लागायची वेळच कमी येईल.

बाळांचा_डॉक्टर

लताताईंना पूर्ण अनुमोदन. विन्या, एक गोष्ट फक्त माहितीसाठी, तुमच्या बाबतीत म्हणून नव्हे: सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणारं) प्रत्येक मूल जन्मताना गुदमरलेलंच असतं असं नाही. मुदतपूर्व जन्म, वाढलेली कावीळ, मेंदूतला जंतुसंसर्ग, गर्भातच झालेलं काही, अशी बरीच कारणं असतात. उलट, रडायला उशीर झालेली बरीच बाळं पुढे अगदी व्यवस्थित असतात. फाइलवर एक शब्द टाकून मोकळं होण्याची सवय आम्हा डॉक्टरांनाच बाधते. अपगारचा गुण काय होता, पाचव्या मिनिटाला काय, श्वास कधी सुरू झाला, आकडी आली का, हे सगळं लिहिलेलं असलं तर पालकांनाही कळतं आणि पुढचा डॉक्टरही चाचपडत नाही.

वसईचा_विन्या

कळलं. पाचव्या मिनिटाच्या रकान्यात रेघ मारलेली आहे.

घाटकोपरचा_नाना

अपगार म्हणजे काय? आमच्या नातवाच्या कार्डावर ७/९ लिहिलंय. मी समजलो हप्त्याची तारीख.

सुमती_ताई

हा हा. नाना, रंग, ठोके, डिवचल्यावरचा प्रतिसाद, हातपाय आवळणं, श्वास, पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन. पहिल्या मिनिटाला सात आणि पाचव्याला नऊ. व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ साली काढली ही पद्धत. तुमचा नातू पहिल्या श्रेणीत पास. एक मात्र आहे, श्वास द्यायला गुणांची वाट बघायची नसते. पहिल्या मिनिटाचे गुण मांडेपर्यंत आमचा हात बॅगवर असतो.

रियाची_आई

मी इथे फार लिहीत नाही. आज लिहिते.

रिया एका रुग्णालयात (तेही बिननावाचंच राहू दे) जन्मली, श्वास उशिरा आला, दोन दिवसांनी आकडी आली. औषधाने थांबली. घरी सोडलं तेव्हा सासऱ्यांनी चाळीत पेढे वाटले. सोडताना कार्डावर लसीची तारीख होती, बाकी काही नाही. तिने मान धरली नाही तेव्हा घरातल्यांनी सांगितलं, 'काही मुलं उशिराच धरतात.' मुठी कायम मिटलेल्या, अंगठा आत. दूध पाजताना अंग लाकडासारखं ताठ. हे बघायचं असतं, कुठे दाखवायचं असतं, कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंनी ओळखलं आणि हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत पाठवलं, तिथून व्यायाम सुरू झाले. आता रिया वॉकर घेऊन चालते, शाळेत जाते, तोंडाने जोरात आहे.

तुम्ही सगळे पहिल्या मिनिटाबद्दल आणि आधीच्या आठ तासांबद्दल बोलताय, बरोबरच आहे. पण ज्या बाळाला आकडी आलेली असते त्याला तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने बघायला हवं. कान तपासायला हवेत. नालासोपाऱ्याहून परळला बाळ घेऊन यायचं म्हणजे बापाचा खाडा, रिक्षा, गर्दीच्या गाडीत बाळ. एकदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत. येणाऱ्याला प्रवासाचे पैसे आणि न येणाऱ्याला एक फोन, एवढं मंडळाने केलं तरी कोणाच्या तरी पोरीला सात-आठ महिने आधी व्यायाम मिळेल.

ठाण्याची_मीनल

रियाच्या आई, लिहिलंत हे खूप बरं केलंत. कान तपासायचं मलाही माहीत नव्हतं.

मीठभाकर

+१. आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी: सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि ने-आण मोफत हे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहेच. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर हे नाव घ्या.

कॅलिफोर्निया_काका

सगळं वाचून मत थोडं बदललं. मित्राला फोन करून विचारलं. त्याच्या नातवापाशी चोवीस तास एक नर्स नुसती बसून होती. मशीन कुठल्या कंपनीचं होतं ते त्याला आठवत नाही, नर्सचं नाव आठवतं. मी काही डॉलर पाठवू शकतो का?

बोकोबा

काका, नर्सच पाठवा.

NICU_निशाचर

एक सुचवतो. नुसत्या बॅगा-मास्क देऊन थांबू नका, सरावाचं रबरी बाळ द्या. पाणी भरलं की खऱ्या बाळाएवढं जड होतं, मास्क नीट बसला तरच छाती वर येते. टांझानियातल्या हायडम रुग्णालयात काय दिसलं बघा: एक दिवसाचं शिबिर घेतलं तर परीक्षेत सगळे पास, प्रत्यक्ष लेबर रूममध्ये फारसा फरक नाही. तेच लेबर रूमच्या कोपऱ्यात बाहुली ठेवून थोडा थोडा सराव नेमाने सुरू केल्यावर पहिल्या दिवसातले मृत्यू उतरले. आपल्याकडे २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच प्रशिक्षण देतात, पण सिस्टरची बदली झाली की प्रशिक्षण तिच्याबरोबर बदलीला. नवी येते तिला कोण शिकवणार?

आणि प्राणवायूचं सिलेंडर दान करायचं कोणाच्या डोक्यात असेल तर: पुऱ्या दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करायची असते. सिलेंडर उघडण्यात वेळ घालवू नये, हे बाहुलीवरच पाठ होतं.

सुमती_ताई

बाहुलीला माझंही मत. फक्त कपाटात कुलूप लावून ठेवू नका. 'महागाची आहे, हरवेल' म्हणून ठेवतात आणि किल्ली जिच्याकडे ती रजेवर.

मीनाक्षी_सायन

अजून एक राहिलंय, दूध. गुदमरलेलं बाळ नीट ओढत नाही, आई सिझरची, कधी कधी दुसऱ्याच रुग्णालयात. सायनला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती असल्या बाळांनाही उपयोगी पडते. छोट्या रुग्णालयात पेढी जमत नसेल तर दूध काढायचे पंप, साठवायला झाकणाच्या वाट्या आणि आईला बसायला धड खुर्ची तरी द्या. माझ्या वहिनीने टाके असताना लोखंडी स्टुलावर बसून दूध काढलंय.

लालबागचा_पम्या

मंडळी, परवाच्या मीटिंगचा वृत्तांत.

धागा छापून नेला, अकरा पानं झाली. अध्यक्षांनी पहिली चार वाचली आणि बोकोबा कोण ते विचारलं. मशीन रद्द. सप्लायर रागावलाय, त्याच्या वर्गणीवर पाणी. सिस्टर आणि विभागप्रमुख मॅडम दोघींसमोर यादी केली: दोन्ही नंबरांचे मास्क आणि नवजात बाळाच्या मापाच्या बॅगा, लेबर रूमला आणि वॉर्डाला वेगवेगळ्या, खिशातले डॉपलर, ऑक्सिमीटरची प्रोब, सोल्डर_गन यांनी सांगितलं तसं आधी तिथल्या मॉनिटरचं कनेक्टर बघून, सरावाची दोन बाळं, आणि दोन धड खुर्च्या. सगळं अधीक्षकांच्या पत्रावर घेतलं जाईल आणि डेडस्टॉकला नोंद होईल, हे लेखी मागितलंय.

प्रवासाच्या पैशांचं जमलं नाही. रुग्णालय रोख घेत नाही आणि आम्ही रोख वाटत बसलो तर कोणाला दिले, कोणाला नाही यावरून पुढची पंचाहत्तर वर्षं भांडणं. एमएसडब्ल्यू (रुग्णालयातल्या समाजसेविका) मॅडम म्हणाल्या, बाळ तपासणीला आलं की त्या चिठ्ठी देतील, चिठ्ठीवर मंडळाने खात्यात पैसे टाकावेत. खजिनदार तयार आहेत, अध्यक्ष 'बघू' म्हणालेत. रियाच्या आई, माझं मत तुमच्या बाजूने आहे पण एकट्याचं आहे.

नावाचा प्रश्न असा सुटला की श्वास कसा द्यायचा त्याचा मराठी तक्ता वॉर्मरच्या समोरच्या भिंतीवर लागेल, खाली बारीक अक्षरात मंडळ. अध्यक्षांना अक्षर अजून थोडं मोठं हवंय.

रियाची_आई

'बघू' म्हणाले म्हणजे नाही म्हणाले नाहीत. चिठ्ठीची पद्धत चांगली आहे. अध्यक्षांना भेटायचं असेल तर मी रियाला घेऊन येईन, ती त्यांना बोलू देणार नाही.

सुमती_ताई

तक्ता नजरेच्या उंचीवर लावा, छताजवळ नको. आणि मास्क उकळत्या पाण्यात किती वेळ, औषधात किती वेळ, ते कंपनीच्या कागदावर असतं. तो कागद खोक्याबरोबर फेकू नका, सिस्टरच्या हातात द्या.

लेबर_रूम_लता

डॉपलरबरोबर जेली कोण देणार? महिनाभराची तरी घ्या आणि पुढची इंडेंटला (रुग्णालयाच्या मागणीपत्रात) टाकायला लावा. जेली संपली की लोक खोबरेल लावतात, त्याने प्रोबची वाट लागते. चार्ज होणाऱ्या सेलचा जोडही घ्या, चार्जर लेबर रूममध्येच ठोका.

सोल्डर_गन

चार्जरला लांब वायर नको, भिंतीला घट्ट. नाहीतर चोवीस तासांत त्यावर निवासी डॉक्टरांचे मोबाइल.

लालबागचा_पम्या

जेली, सेल, चार्जर यादीत घातले. लताताई, जेलीचा मोठा डबा घ्यायचा की छोट्या बाटल्या?

लेबर_रूम_लता

छोट्या. मोठा डबा वॉर्डात जातो आणि परत येत नाही.